शाळेतल्या जेवणाची उधारी : पीटीओने फेडावी का?

मृणाल_जर्सी

मंडळी, जूनच्या पीटीओ (पालक-शिक्षक संघटना) मीटिंगआधी तुमची मतं हवी आहेत. आमच्याकडे जितकी तोंडं तितकी मतं झाली आहेत.

यंदाच्या कार्निव्हलनंतर पीटीओकडे बऱ्यापैकी पैसे उरले. एकीने सुचवलं, कॅफेटेरियात ज्या मुलांची खाती मायनसमध्ये गेली आहेत ती फेडून टाकू. लगेच एक बाबा म्हणाले, "सकाळी ड्रॉप-ऑफच्या रांगेत यांच्या गाड्या बघा. आणि यांची तीन डॉलरच्या जेवणाची उधारी मी फेडू?" तिसऱ्या गटाला मैदानात सावलीसाठी छत हवंय. मीटिंग तिथेच गुंडाळली.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात: अमेरिकेत सरकारी शाळेत दुपारचं जेवण मिळतं, पण बहुतेक राज्यांत सगळ्यांना फुकट नसतं. मूल ट्रे घेऊन काउंटरपाशी येतं, कीपॅडवर आपला नंबर दाबतं आणि आईवडिलांनी भरलेल्या खात्यातून पैसे वजा होतात. खातं संपलं की मायनस सुरू. आमच्या शाळेत ताट अडवत नाहीत, आईबापांवर ईमेल आणि फोनचा मारा करतात. सगळीकडे इतकं सरळ नसतं म्हणतात.

तुमच्याकडे शाळा काय करतात? आणि पीटीओने हे पैसे भरावेत का?

बोरिवली_टू_बे

आमच्या कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट. उत्पन्न कितीही असो. मेन राज्यातही त्याच वर्षी सुरू झालं. त्यामुळे हा प्रश्नच मिटला.

म्हणजे मिटला असं वाटलं होतं. आमचे चिरंजीव घरून पोळीभाजीचा डबा नेतात आणि रोज फक्त चॉकलेट मिल्क उचलतात. पूर्ण जेवण घेतलं तर फुकट, नुसतं दूध घेतलं तर पैसे! केंद्राकडून शाळेला पैसे मिळायचे तर ट्रेवर पाचपैकी किमान तीन गोष्टी हव्यात, आणि त्यात एक फळ किंवा भाजी हवीच. वर्षाच्या शेवटी दुधाचं बिल आलं.

पोहेप्रेमी

गवळ्याचा रतीब अमेरिकेतही सुटला नाही तर.

सडेतोड

कटू बोलतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी फॉर्म आहे. भरा, फुकट मिळेल. फॉर्मही भरायचा नाही, पैसेही भरायचे नाहीत, आणि शाळेने आठवण केली की ती खलनायक. माझ्या शेजाऱ्याकडे दोन टेस्ला आहेत आणि शाळेचे हे ईमेल तो न उघडता डिलीट करतो. स्वतःच हसत हसत सांगतो. पीटीओने एकदा फेडलं की पुढच्या वर्षी तो निर्धास्त.

छत बांधा. सावली सगळ्यांवर पडेल.

कढईवाली

मी टेक्सासमध्ये एका एलिमेंटरी शाळेच्या किचनमध्ये काम करते. काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते.

मूल रांगेत येतं, ट्रे भरून घेतं आणि सगळ्यात शेवटी कॅशियरपाशी नंबर दाबतं. म्हणजे खात्यात पैसे नाहीत हे कळतं तेव्हा गरम जेवण त्याच्या हातात असतं. एकदा मुलाच्या हातात गेलेलं अन्न आम्हाला परत लाइनवर ठेवता येत नाही. 'नाही' म्हणायचं तर ते कचऱ्यातच जाणार. २०१४ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका शाळेत नेमकं हेच झालं. चाळीसेक मुलांच्या हातचं जेवण काढून घेतलं, फेकलं आणि बदल्यात फळ आणि दूध दिलं. देशभर छीथू झाली.

आमच्याकडे पूर्वी चीज सँडविच द्यायचे. थंड ब्रेडचे दोन तुकडे, मधे चीजची एक पिवळी चकती, वरून प्लास्टिक. स्टीलच्या कपाटात ती वेगळ्या ट्रेमध्ये रचून ठेवलेली असायची. कॅशियरने मान वळवून आत हाक मारली की मागच्या मुलांना कळायचंच कशाला बोलावलं ते. मग मोठ्या वर्गातली मुलं रांगेतच येईनाशी होतात. विचारलं तर "नॉट हंग्री". सकाळी सातला बस पकडलेलं पाचवीतलं पोर दुपारी भूक नाही म्हणतं!

सडेतोडदादा, टेस्लावाले असतात, नाही म्हणत नाही. पण कीपॅडवर बोट त्यांचं नसतं.

आकडेमोड

धाग्यात एक गफलत होतेय. फॉर्म मंजूर झालेल्या 'फुकट' गटातल्या मुलांची जेवणावर उधारी होऊच शकत नाही, त्यांचं बिलच शून्य असतं. (दुसरं दूध, चिप्स असलं सुटं काही घेतलं तर गोष्ट वेगळी.) मायनसमध्ये जातात ते त्या रेषेच्या जरा वरचे.

केंद्राचा हिशेब असा आहे: दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, म्हणजे जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट. त्यावर पूर्ण दर. २०२५-२६ साठी चार माणसांच्या घराला १८५ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ५९,५०० डॉलर. ६१ हजार मिळवून जर्सीत भाडं भरणाऱ्याला सडेतोड 'परवडतं' म्हणतील का? न्यू जर्सीने म्हणूनच फुकट जेवणाची आपली मर्यादा आधी २०० आणि मग २०२४-२५ पासून २२४ टक्क्यांवर नेली. म्हणजे २०२५-२६ मध्ये चार माणसांना सुमारे ७२ हजार. मृणालताई, तुमच्या मीटिंगमधल्या किती जणांना हे ठाऊक होतं?

आता शाळा वसुलीला एवढ्या का लागतात ते. बुडीत उधारी शाळेच्या जेवणखात्यातून माफ करता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे. ते पैसे डिस्ट्रिक्टला (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला) दुसरीकडून आणावे लागतात, सर्वसाधारण निधीतून नाहीतर देणगीतून. फुकट जेवणामागे केंद्राकडून चार डॉलरहून जास्त मिळतात, पूर्ण दराच्या जेवणामागे जेमतेम अर्धा डॉलर. बाकीचं पालकांकडून यायचं असतं. ते आलं नाही की भोक पडतं.

१ जुलै २०१७ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे याचं लेखी धोरण असणं बंधनकारक आहे. धोरणात काय असावं ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. त्यातून एकेक नमुने निघाले. मृणालताईंच्याच राज्यात, चेरी हिलमध्ये, २०१९ मध्ये ७५ डॉलरच्या वर उधारी गेली की प्रॉम (हायस्कूलचा नाचगाण्याचा समारंभ) बंद, सहली बंद असं ठरलं. एका स्थानिक व्यावसायिकाने सगळी उधारी फेडायची तयारी दाखवली, तर डिस्ट्रिक्टने आधी नकोच म्हटलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या वायोमिंग व्हॅली वेस्ट डिस्ट्रिक्टने तर पालकांना पत्रं धाडली की पैसे भरा, नाहीतर मुलं फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईबापांपासून काढून परक्या घरी, जाऊ शकतात. एका कॉफी कंपनीच्या प्रमुखाने २२ हजार डॉलर देऊ केले. बोर्डाने तेही नाकारले, आणि चौफेर टीका झाल्यावर घेतले.

पोहेप्रेमी

उधारी फेडतो म्हटल्यावर 'नको' म्हणणारा सावकार पहिल्यांदाच पाहिला.

सडेतोड

@आकडेमोड, चेरी हिलचं त्यात चुकलं काय? दर वर्षी कोणीतरी दाता येऊन फेडणार असेल तर पैसे भरणारे मूर्ख ठरतात. धमकीच्या पत्राचं समर्थन करत नाहीये, तो शुद्ध आचरटपणा होता. पण प्रॉम अडवणं मला ठीक वाटतं. प्रॉमच्या ड्रेसला पैसे असतात ना?

कढईवाली

प्रॉमचा ड्रेस मावशीने दिलेला असतो, नाहीतर थ्रिफ्टमधला, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातला असतो. आणि प्रॉमला जाणारं पोर सतरा वर्षांचं असतं, त्याने कधी बापाच्या बँकेचं अॅप उघडलेलं नसतं. शिक्षा कोणाला होतेय ते बघा की.

झेडपी_गुरुजी

वाचून गंमत वाटली. उधारी आमच्याकडेही आहे, फक्त मुलांच्या नावावर नाही. मुख्याध्यापकाच्या नावावर असते, किराणा दुकानात.

तांदूळ सरकारकडून येतो. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे कधी दोन महिन्यांनी, कधी चार. तोवर तेल, मीठ, कांदे, गॅस गुरुजींनी बघायचं. दुकानदार वहीत नाव 'शाळा' असं लिहितो आणि मागायला मात्र माझ्या घरी येतो. मंडळी मिसळ खायला बसलेली असली तरी "गुरुजी, तेवढं शाळेचं बघा" असं सगळ्यांदेखत.

१९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. पोरं पिशव्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि माप कमी भरलं म्हणून आया भांडायला यायच्या. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्न द्या म्हणून सांगितलं, त्यानंतर खिचडी आली. जेवण वाढायच्या आधी आम्ही चव घेतो आणि नोंदवहीत लिहितो. पण कोणाचं उत्पन्न विचारत नाही, कोणी फॉर्म भरत नाही. पाटलाचं पोर आणि सालगड्याचं पोर एकाच पंगतीला. योजना फक्त आठवीपर्यंत. नववीत गेलं की भूक लागत नाही असं सरकारचं मत असावं.

बोरिवली_टू_बे

गुरुजी, साष्टांग.

आणि एक भर घालतो. भारतात जेवणावरून मुलांना अडवत नाहीत, पण खाजगी शाळांत फीवरून अडवतातच की. निकाल द्यायचा नाही, हॉल तिकीट रोखायचं, वर्गाबाहेर उभं करायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं नाव दर महिन्याला प्रार्थनेनंतर वाचून दाखवायचे. तो आज सीए आहे, सगळ्यांचे हिशेब तपासतो.

गोंयचो_पाव

गोव्यात माध्यान्ह आहार महिला बचत गट पुरवतात. बऱ्याचदा पाव-भाजी. बिलं थकली म्हणून बायका कावतात, पेपरात बातमी येते, मग थोडी बिलं निघतात. उधारीवर चालणारी योजना सगळीकडे सारखीच दिसते. पण खिचडीपेक्षा पाव-भाजी बरी हं.

वऱ्हाडी_ठेचा

खिचडीला नावं ठेवायची नाहीत! आणि अंड्यांचं काय झालं ते बोला. २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये राज्याने पैसे द्यायचं बंद केलं. ज्यांच्या घरी अंडं परवडतं त्यांनी वाद घातला आणि ज्यांच्या घरी परवडत नाही त्यांचं गेलं.

गोंयचो_पाव

अंड्याबद्दल दुमत नाही. खिचडीबद्दल आहे.

देखरेख

अंडी, खिचडी आणि पाव यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे मृणाल यांच्या प्रश्नावर यावं ही विनंती.

नवा_आयडी

नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस झालं नाही.

फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली. मी एच-४ वर (नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), काम करायची परवानगी नाही. मुलीला डबा देते, पण शुक्रवारी शाळेत पिझ्झा असतो आणि तिच्या टेबलावरच्या सगळ्या मुली तो घेतात. तेवढा तिला घेऊ देते. खात्यात पैसे भरायचे राहतात, मग मायनस, मग ईमेल. फॉर्म भरावा म्हटलं तर गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नप्रमाणे आम्ही बसत नाही. शिवाय मैत्रीण म्हणाली, असलं काही घेतलंत तर ग्रीन कार्डला आडवं येईल.

आमच्याकडे टेस्ला नाही, पण ड्रॉप-ऑफच्या रांगेत आमची गाडी अजून चांगलीच दिसते. ती विकायला काढली आहे.

आकडेमोड

@नवा_आयडी, फॉर्मला गेल्या वर्षीचं रिटर्न लागत नाही. आत्ता घरात जे येतंय ते लिहायचं. बेकारी भत्ता मिळत असेल तर तो धरतात, गेलेला पगार धरत नाहीत. वर्षात कधीही भरता येतो, सप्टेंबरच हवा असं काही नाही.

इमिग्रेशनबद्दल: फॉर्मवर व्हिसा विचारतच नाहीत. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतात, नसेल तर 'नाही' वर खूण करायची. शाळेचं जेवण 'पब्लिक चार्ज' (सरकारी मदतीवर जगणारा म्हणून ग्रीन कार्ड नाकारायचा निकष) मध्ये २०१९ च्या कडक नियमातही धरलेलं नव्हतं, २०२२ च्या नियमातही नाही. तरी या नियमांची उलथापालथ चालू असते. तुमचं ग्रीन कार्ड प्रक्रियेत असेल तर वकिलाला एक ओळीचा ईमेल टाका आणि निर्धास्त व्हा. मैत्रिणीला नको.

आणखी एक. मुलीच्या हातात त्या दिवसाच्या जेवणाचे रोख पैसे असतील तर मागची उधारी कितीही असो, शाळेने तिला जेवण द्यायलाच हवं. ते पैसे जुन्या उधारीत वळवता येत नाहीत.

सडेतोड

@नवा_आयडी, फॉर्म आजच भरा. तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मुलीला पिझ्झा खाऊ दे. नोकरीचं क्षेत्र कुठलं आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे दोन जागा आहेत.

बाकी माझं मत तेच. छत.

टेम्सकाठी

लंडनहून. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पहिली तीन वर्षं (रिसेप्शन ते इयर टू) सगळ्यांना फुकट आहे, आणि लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून सगळ्या प्राथमिक शाळांत. माझा मुलगा सेकंडरीत गेला आणि पुन्हा खातं आलं. तिथे नंबर नाही, बोटाचा ठसा. ठसा लावला की मशीनवर शिल्लक दिसते, आणि मागे उभ्या असलेल्या कार्ट्यांनाही दिसते. यंत्र बनवणाऱ्याला मुलं नसावीत.

सेंटपॉलकर

मिनेसोटातून लिहितेय. फिलँडो कॅस्टील हे नाव बहुतेकांना पोलिसाच्या गोळीमुळे ठाऊक आहे, जुलै २०१६. ते इथल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात सुपरवायझर होते. मुलांची नावं पाठ, कोणाला कुठल्या पदार्थाची अॅलर्जी ते पाठ, आणि कोणाचे पैसे कमी पडले की स्वतःच्या खिशातून भरायचे. ते गेल्यावर २०१७ मध्ये त्यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि सेंट पॉलच्या मुलांची जेवणाची उधारी फिटली. पुढच्या वर्षी ती परत साचायला लागली, साचणारच. मार्च २०२३ मध्ये राज्याने सगळ्यांना फुकट जेवणाचा कायदा केला तेव्हा कुठे थांबली.

कोविडमध्ये २०२० ते जून २०२२ सबंध देशात हेच होतं. कोणी फॉर्म भरला नाही, कोणी कीपॅडपाशी थबकलं नाही. मग मुदत संपली आणि त्या सप्टेंबरात पालकांना आठवणच नव्हती की पुन्हा फॉर्म भरायचा असतो. उधाऱ्या तिथून फुगल्या. मृणालताई, तुमच्याकडच्या मायनस खात्यांत असे किती, ते विचारा.

सडेतोड

फुकट म्हणजे कोणीतरी भरतोच. कोलोराडोत तीन लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांच्या वजावटी कापून भरतात, मॅसॅच्युसेट्समध्ये दहा लाखांवरच्या कमाईवरच्या जादा करातून. टेस्लावाल्याच्या पोराचं जेवण मी का भरू?

सेंटपॉलकर

त्या हिशेबाने टेस्लावालाच तुमच्या पोराचं भरतोय की.

बोरिवली_टू_बे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (नुसतेच घेतले, वेगळे पैसे पडले.)

मृणाल_जर्सी

सगळ्यांचे आभार. काल डिस्ट्रिक्टच्या फूड सर्व्हिसच्या बाईंशी बोलले. देणगी घेतात, पण ती कोणाच्या खात्यावर गेली ते पीटीओला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी विचारलं, मायनसवाल्यांपैकी किती घरं २२४ टक्क्यांच्या आत असतील? त्या म्हणाल्या, "तेच तर आम्हाला कळत नाही, त्यांनी फॉर्मच भरलेला नसतो."

आता मी मीटिंगमध्ये असं मांडणार आहे: या वर्षीची उधारी फेडायची, कारण आठवीची मुलं हायस्कूलला जाताना ती पाठीवर घेऊन जाऊ नयेत. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. सप्टेंबरच्या बॅक-टू-स्कूल नाइटला फॉर्म भरून द्यायला एक टेबल, लॅपटॉप आणि उत्पन्नाचा तक्ता. छताचं पुढल्या वर्षी बघू.

कढईवाली

टेबल नको गं. त्या टेबलापाशी कोण थांबलं ते सगळी जिमनेशियम बघणार, मग कोणी थांबणारच नाही. आमच्याकडे फॉर्म सगळ्यांच्याच कागदांत घालतात, आरोग्याच्या आणि आणीबाणीच्या कागदाबरोबर. सगळ्यांनी परत द्यायचा, नको असेल त्याने 'अर्ज करत नाही' वर खूण करून द्यायचा. टेस्लावालाही देतो. परत येणारे फॉर्म लगेच वाढले.

सडेतोड

ही कल्पना मला मान्य आहे. पहिल्यांदाच या धाग्यात काहीतरी मान्य आहे, नोंद घ्यावी.

झेडपी_गुरुजी

घेतली. चव नोंदवहीत.

नवा_आयडी

फॉर्म भरला. बघू. सडेतोडदादा, व्यनि केलाय.

एक शंका, कोणाला माहीत असेल तर: अॅपमधून खात्यात पैसे भरताना दर वेळी अडीच-तीन डॉलर 'सोयीचं शुल्क' लागतं. दहा डॉलर भरायचे तर त्यातला चौथा हिस्सा यातच जातो. दुसरा मार्ग आहे का?

कढईवाली

आहे. शुल्क न लावता पैसे भरायचा एक तरी मार्ग डिस्ट्रिक्टने ठेवायलाच हवा, नियम आहे. चेक किंवा रोख पाकिटात घालून, वर मुलीचं नाव आणि नंबर लिहून कॅफेटेरियात द्यायला सांगा. सकाळी आठच्या आत दिलंत तर त्याच दिवशी चढतात. वेबसाइटवर ही ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असते.